वेशीबाहेरची मुंबई

पावसाळ्यात दोन-तीन तास जोराची सर कोसळली आणि नेमकी त्याच वेळी समुद्राला भरती असली, की मुंबईत परळजवळच्या हिंदमाता चौकात गुडघाभर पाणी साचते. मुंबईकरांच्या हे इतके अंगवळणी पडले आहे, की त्या चौकाचे छायाचित्र वर्तमानपत्रात आल्याखेरीज पावसाळा सुरू झाला असे त्यांना वाटतच नाही. अलीकडच्या काळात महापालिकेने तेथे पंप बसविले, जवळच्या मैदानाखाली पाणी साठविण्यासाठी प्रचंड टाक्या बांधल्या. या उपायांनी पाणी लवकर ओसरू लागले हे खरे. परंतु ते तेथेच का जमते, या प्रश्नाचे उत्तर सुमारे अडीचशे वर्षांच्या इतिहासात शोधावे लागते. त्या परिसरातील पुष्कळशी सखल जमीन एके काळी भरतीच्या पाण्याची होती. माणसाने ती समुद्राकडून घेतली. परंतु तिची पातळी मात्र समुद्राच्या हिशेबानेच राहिली.

प्रत्येक गावाला वेस असते. हवी ती वस्तू बाहेरून आणावी आणि नको ती वेशीबाहेर टाकावी, ही गावाची जुनी रीत. लहान गावात ती खपून जाते, कारण वेशीबाहेर मोकळे रान पुष्कळ असते. परंतु गाव वाढत वाढत स्वतःच्या वेशीवर जाऊन बसले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर मुंबईइतके बोलके उदाहरण हिंदुस्थानात दुसरे सापडणार नाही. जमीन, पाणी आणि घाणीची विल्हेवाट या तीन गरजा या शहराने वेळोवेळी वेशीबाहेर जाऊन भागविल्या. आणि दर वेळी पुढच्या एकदोन पिढ्यांत ती वेस शहराच्या पोटात आली.

मुंबई ही मुळात सात बेटे होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. ओहोटीला या बेटांमधून चिखल तुडवीत जाता येई आणि भरतीला होडी लागे. कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभू असे लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. मासेमारी, ताडामाडांच्या बागा, मीठ आणि भातशेती हे त्यांचे जीवन. खाडीकाठची खारी जमीन लागवडीखाली आणताना ते मातीचे बुटके बांध घालीत आणि पाणी आतबाहेर करण्यासाठी त्यांत तोंडे ठेवीत. गोव्यातील खाजणांना जशी मानस असते, भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी, तशीच ही विद्या. समुद्र दिवसातून दोनदा येणार आणि दोनदा जाणार, हे गृहीत धरूनच त्यांनी आपली शेते आखली होती. तिवरांचे रान तर कुणी मुद्दाम लावावे लागत नसे. ते किनारा धरून ठेवी आणि त्याच्या मुळांच्या आसऱ्याला मासळीची पिल्ले वाढत.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात ही बेटेही गेली. १६६१ च्या विवाहकरारान्वये ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये राजाने ती वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. आरंभीच्या इंग्रजांना येथील हवा मानवली नाही. नव्याने आलेला गोरा माणूस दोन पावसाळे पाहील की नाही, याची शाश्वती नसे. या मृत्यूंचा दोष ते दलदलीच्या वाफेला आणि माडांना घातल्या जाणाऱ्या मासळीच्या खताच्या दुर्गंधीला देत. हिवतापाचे कारण डास आहेत हे तोपर्यंत जगात कुणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा दलदल बुजविली म्हणजे आरोग्य येईल, शिवाय जमीनही मिळेल, असा दुहेरी हिशेब मांडला गेला.

महालक्ष्मी आणि वरळी यांच्या दरम्यान एक मोठे खिंडार होते. भरतीचे पाणी त्यातून आत शिरे आणि बेटांच्या मधला विस्तीर्ण सखल प्रदेश भरून टाकी. गव्हर्नर विल्यम हॉर्न्बी याच्या कारकीर्दीत हे खिंडार बांध घालून बंद करण्याचे काम झाले आणि १७८४ च्या सुमारास ते पुरे झाले. बांधाला वेलार्ड हे नाव पडले; तो कुंपण वा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश आहे. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी या प्रभू स्थापत्यकाराला देवीने दृष्टान्त दिला, समुद्रातून तिची मूर्ती काढल्यावर बांध टिकला आणि मग महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले, अशी आख्यायिका आजही सांगतात. या कथेत एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. समुद्राची जागा घ्यावयाची तर आधी त्याची अनुज्ञा घ्यावी लागते, असे त्या काळच्या लोकांना मनोमन वाटत होते.

बांध झाला, समुद्र बाहेर राहिला; परंतु आतली जमीन भरतीच्या पातळीहून खालीच होती. आता पावसाचे पाणी तेथे साचू लागले आणि त्याला बाहेर जाण्यास वाट उरली नाही. हा सखल प्रदेश पुढे शंभर वर्षे टेकड्या फोडून आणलेल्या मातीने आणि शहराच्या केरकचऱ्याने थोडाथोडा भरला गेला. मग त्याच जमिनीवर कापडाच्या गिरण्या आल्या आणि गिरण्यांच्या भोवती चाळी आल्या. १८०५ च्या सुमारास शीवचा, १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा, असे जोडरस्ते झाले. माहीमचा रस्ता लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या सुमारे एक लाख सत्तावन्न हजार रुपयांच्या देणगीतून बांधला गेला. खाडी ओलांडताना होड्या बुडून माणसे मरत, त्यांचे प्राण या रस्त्याने वाचले. या बांधकामांना केवळ लोभाची कृत्ये म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांतून लोकांची सोय झाली, व्यापार वाढला, बंदराला शहर लाभले. मात्र पाण्याच्या वाटा कोठे जातील, हा विचार प्रत्येक वेळी मागे पडला.

दुसरी गरज पिण्याच्या पाण्याची. चहूकडे समुद्र, आणि गोडे पाणी विहिरी व तलावांपुरतेच. धोबी तलाव, गोवालिया तलाव, खारा तलाव, कावसजी पटेल तलाव, मुंबादेवीचा तलाव: ही नावे आज रस्त्यांची आणि वस्त्यांची म्हणून उरली आहेत, त्या काळी ती खरोखरीची जलाशये होती. पुष्कळ तलाव आणि विहिरी दानशूर व्यापाऱ्यांनी धर्मकृत्य म्हणून बांधल्या होत्या. चर्चगेटजवळची भिखा बेहराम यांची विहीर १७२५ सालची असून ती अद्याप गोडे पाणी देते. परंतु वस्ती वाढली तसे हे पाणी अपुरे पडले. १८५४ मध्ये पावसाने दगा दिला, तेव्हा शहरातली गुरे बाहेर हलवावी लागली आणि होड्यांनी व नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीने पाणी आणावे लागले.

या संकटातून विहार तलावाची योजना झाली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे साष्टी बेटावरच्या डोंगरांत मिठी नदीचे खोरे अडवून १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये नळाचे पाणी शहरात खेळू लागले. लोकांना त्याचे अप्रूप वाटले. मडगावला जन्मलेले गोविंद नारायण माडगावकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध केला, तो याच घाईगर्दीच्या आणि उत्साहाच्या काळात. विहारही लवकरच अपुरा पडला. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरचे धरण, ज्याला पुढे अभियंता मोडक यांचे नाव मिळाले, नंतर अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा, अशी ही तहान डोंगर ओलांडीत शंभर किलोमीटरांहून दूर गेली. आज मुंबईला रोज सुमारे तीनशे ऐंशी कोटी लिटर पाणी पुरविले जाते. ज्या शहापूर तालुक्यात यांतील मोठी धरणे आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहराच्या तहानेचे ओझे असे डोंगरातल्या बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यापर्यंत पोहोचते.

नळ आले तसा तलावांचा मान गेला. त्यांचे पाणी गढूळ झाले, त्यांत डास झाले आणि एकेक करून ते बुजविले गेले. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाची चौकशी केली, तेव्हा उघड्या विहिरींत वाढणारे डास हेच मुख्य कारण असल्याचे दिसून आले आणि अनेक विहिरी झाकण्यात वा बुजविण्यात आल्या. आरोग्याच्या दृष्टीने हा उपाय योग्यच होता. परंतु पाऊस जिरावा आणि साठावा अशा शहरातल्या जागाही त्याबरोबर गेल्या.

तिसरी गरज घाणीच्या विल्हेवाटीची, आणि तिच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष गेले. पाणी भरपूर आले, पण ते वाहून नेणारी गटारे नव्हती. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा भाव कडाडला, पैशाचा पूर आला आणि माणसांचाही. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. तेजी कोसळल्यावर पुष्कळ लोक परत गेले आणि १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ वर आली. या माणसांना राहावयास दाट चाळींखेरीज काही नव्हते. दोन इमारतींच्या मध्ये जी अरुंद घरगल्ली असे, तीत संडासाची टोपली, मोरीचे पाणी आणि केर एकत्र पडत. डॉ. अँड्र्यू लीथ यांनी १८६४ मध्ये बेटाच्या आरोग्यस्थितीचा जो अहवाल दिला, त्याने या दुर्दशेकडे सरकारचे लक्ष वेधले. मैला डोक्यावरून वाहून नेण्याचे काम ज्या हलालखोरांकडे होते, त्यांच्या नावाने नगरपालिका करही घेई. पण त्या माणसांना राहण्यास मात्र शहरातली सर्वांत वाईट जागा मिळे. घाण वेशीबाहेर टाकणाऱ्या गावाने ती उचलणाऱ्या हातांनाही वेशीबाहेरच ठेवले, हे या इतिहासातले सर्वांत लाजिरवाणे पान आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात एका विचित्र तापाने माणसे मरू लागली. धान्याची कोठारे, बंदरावरची वर्दळ आणि कोंदट चाळी यांनी तो भाग गच्च भरलेला होता. तेथे दवाखाना चालविणाऱ्या डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी ही गाठीच्या प्लेगची साथ असल्याचे ओळखले आणि ते उघडपणे सांगितले. मूळचे गोव्यातील हडफड्याचे हे गृहस्थ त्या वेळी नगरपालिकेचे सभासद होते. व्यापाराचे बंदर असलेल्या शहरात प्लेग आहे असे म्हणणे म्हणजे अनेकांचा रोष ओढवून घेणे होते. तरी ते डगमगले नाहीत. पुढे १९०६ मध्ये ते नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा पुतळा धोबी तलावाजवळ आजही उभा आहे.

शहर रिकामे होऊ लागले. लाखो माणसे आगबोटींनी, आगगाड्यांनी आणि पायी कोकणात, गोव्यात, घाटावर निघून गेली, आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली. वांद्रे, गिरगाव, माझगाव या भागांतील ख्रिस्ती गावठाणांत रस्त्याच्या कडेला जे जुने क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक साथीच्या त्या वर्षांत लोकांनी नवस म्हणून उभारलेले आहेत. ओलसर जमिनीतून निघणाऱ्या वाफेने प्लेग होतो, असे तेव्हाचे अधिकारी समजत होते. म्हणून घरे धुतली, कौले उतरविली, गटारांत जंतुनाशक ओतले. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत दाखविले आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेतील कामाने त्याला पुष्टी मिळाली. कारण चुकीचे समजले गेले होते. परंतु माणसे आणि उंदीर एकाच अंधाऱ्या खोलीत राहत होते, हे सत्य कुणालाच नाकारता आले नाही.

१८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा शहरात खेळविला, दादर-माटुंग्यास आखीव वस्त्या वसविल्या. हे काम मोलाचे होते. परंतु ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांच्यातील बहुतेकांना नव्या घरांचे भाडे परवडणारे नव्हते. ते शेजारच्या चाळीत जाऊन तेथील गर्दीत भर घालीत. १९३१ च्या शिरगणतीतही मुंबईचे सुमारे तीनचतुर्थांश लोक एका खोलीच्या घरात राहत असल्याचे आढळले. गोव्याहून आलेल्या खलाशांची आणि आचाऱ्यांची कूड असो वा सातारा-रत्नागिरीहून आलेल्या गिरणीकामगारांची खोली असो, एकाच जागेत पाळीपाळीने झोपणे हा त्यांच्या जीवनाचा भाग झाला होता.

घाण मात्र दूर दूर नेली गेली. मैलापाणी वरळीकडे समुद्रात सोडले गेले. केर रेल्वेने चेंबूरच्या दलदलीकडे जाऊ लागला आणि १९२७ पासून देवनारची कचराभूमी सुरू झाली. त्या वेळी देवनार शहराच्या हद्दीबाहेरचे रान होते. १९५० आणि १९५७ मध्ये मुंबईची हद्द टप्प्याटप्प्याने दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली, आणि देवनार शहराचेच झाले. शहराच्या मध्यातून उठविलेल्या गरीब वस्त्या त्याच कचऱ्याच्या कडेला येऊन बसल्या. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारचा ढीग पेटला, तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. अनेक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. नव्वद वर्षांपूर्वी वेशीबाहेर टाकलेली वस्तू मुलांच्या श्वासावाटे घरात परत आली होती.

मिठी नदीची कथा याहूनही बोधप्रद आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ही नदी माहीमच्या खाडीला मिळते. ज्या खोऱ्याने मुंबईला पहिले नळाचे पाणी दिले, तेच खोरे पुढे शहराचे गटार झाले. तिच्या काठी कारखाने आणि झोपड्या आल्या, विमानतळासाठी तिचा प्रवाह वळविला गेला, मुखाशी असलेली तिवरांची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुलाच्या टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या आणि ओहोटीच्या हिशेबाने बांधलेली होती. त्यातच भरती आली, तेव्हा गटारांच्या तोंडांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येऊ लागला. कुर्ला, कलिना, साकीनाका येथे पहिले मजले बुडाले. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नदी आपल्या जुन्याच पात्रातून गेली; त्या पात्रात आता माणसे राहत होती.

यानंतर काही शहाणपण आले, हेही नमूद केले पाहिजे. डॉ. माधव चितळे यांच्या समितीने प्रलयाची कारणे तपशीलवार मांडली. पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता दुप्पट करण्याचे काम हाती घेतले गेले. हाजीअली, इर्ला येथे उदंचन केंद्रे उभी राहिली. २००५ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीस बंदी घातली आणि २०१२ मध्ये राज्याने त्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कक्ष नेमला. समुद्रकिनारी रस्त्याचे बांधकाम वरळीला पोहोचले, तेव्हा तेथील कोळ्यांनी सांगितले की दोन खांबांमधून आपल्या होड्या भरतीच्या लाटेत सुखरूप जाणार नाहीत. बराच काळ त्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही. पण त्यांनी नेट सोडला नाही. शेवटी साठ मीटरांचे अंतर वाढवून १२० मीटर करण्याचे मान्य झाले. या रस्त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. पाण्याची वाट ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यांना आधी विचारावे, एवढा धडा तरी त्यातून घेता येतो.

२०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती, आणि दर चौरस किलोमीटरला वीस हजारांहून अधिक माणसे राहत होती. एवढ्या माणसांना येथून जा असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्यांतील बहुतेक पोटासाठी आले आणि त्यांच्याच श्रमांवर हे शहर उभे राहिले. म्हणून प्रश्न माणसांच्या संख्येपेक्षा हिशेबाच्या पद्धतीचा अधिक आहे. पाऊस पडतो तेथेच तो काही अंशी मुरविणे, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, ओला केर वस्तीतच कुजवून त्याचे खत करणे आणि उरलेली तिवरे, मिठागरे व मोकळी मैदाने यांना हात न लावणे, ही कामे कुणाला अज्ञात नाहीत. ती मागे पडतात, याचे कारण वेशीबाहेर अजून थोडी जागा शिल्लक आहे असे शहराला वाटत राहते. आज मुंबईची वेस तानसा-भातशाच्या पाड्यांत आहे, देवनार आणि कांजूरच्या ढिगांशी आहे, आणि सांडपाणी सोडण्यासाठी समुद्रात तीन किलोमीटरांहून अधिक लांब घातलेल्या नळांच्या तोंडाशी आहे. त्या तिन्ही ठिकाणी माणसे राहतात वा मासे धरून पोट भरतात.

मुंबईची चूक जगावेगळी नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर अनेक लहान गावे आज शहरे होऊ लागली आहेत. त्यांची खाजणे अद्याप पुरती बुजलेली नाहीत, तळी अजून तळीच आहेत, आणि भरती कोठवर येते हे सांगणारी वृद्ध माणसे गावात भेटतात. मुंबईला जे दोनशे वर्षांनी आणि फार मोठी किंमत देऊन कळले, ते त्यांना आजच कळू शकते. त्यासाठी एखादा बांध घालण्यापूर्वी किंवा एखादे तळे बुजविण्यापूर्वी तेथले पाणी उद्या कोणाच्या दारात जाणार, एवढे विचारण्याची सवय ग्रामसभेला आणि नगरपालिकेला लागली तरी पुष्कळ झाले.